नरसम्माचे दात

फोटो काढायला बसलेल्या माणसाला मल्लिनाथअण्णा सगळ्यात आधी दम भरायचे, "हसू नका! आलं तर येऊ द्या, पन आनू नका." पासपोर्टच्या फोटोसाठी आलेला माणूस बिचारा गोंधळायचा. मग अण्णा कॅमेरा बाजूला ठेवून त्याच्या गावाची, सासुरवाडीची चौकशी करत बसायचे. त्यांच्या स्टुडिओला लागून माझं वह्या-पेनांचं दुकान, त्यामुळे या गप्पा मला फुकटात ऐकायला मिळत. गिऱ्हाईक कंटाळून उठायच्या बेतात आलं की अण्णांना हवा तो चेहरा सापडायचा. असा धंदा करून कोणी बंगला बांधत नाही. आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात.

त्यांचा सगळ्यात चांगला फोटो नरसम्माचा. सोलापुरात मागासाठी सुताच्या कांड्या भरून जन्म काढलेली ही म्हातारी. तोंडाचं पार बोळकं झालेलं, म्हणून कॅमेरा दिसला की तेलुगूत "वद्दु, वद्दु", नको नको म्हणत पदर तोंडावर घ्यायची. अण्णा तिच्या दारात नुसतेच बसायला जात. एकदा ते कानडी मिसळून तेलुगू बोलायला गेले आणि म्हातारी पदर विसरून खदखदून हसली. तेवढ्यात फोटो निघाला. तो पाहून ती लाजली, पण म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मीच हाय की." अण्णांनी शब्द दिला, "अम्मा, हे असंच ऱ्हातंय बग. कोन हात लावनार न्हाई ह्याला."

नवी पेठेतला एक चादरीवाला अण्णांचं जुनं गिऱ्हाईक. दुकानाच्या भिंतीवर लावायला म्हणून त्याने तो फोटो मागितला. अण्णांनी म्हातारीला विचारून दिला. चादरीवाल्याने तो भिंतीवर लावला आणि कोणाला न विचारता मोबाईलवरून जगभर वाटला. पुढे एका दातांच्या दवाखान्याच्या फलकावर नरसम्मा हसताना दिसली, तोंडभर पांढरेशुभ्र दात घेऊन.

अण्णा मला घेऊन तडक दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "दात काढायचेत."

"कुठला?"

"सगळे!"

हे आठवून आजही हसू येतं आणि पाठोपाठ वाईट वाटतं. डॉक्टर सभ्य माणूस. म्हणाले, "अहो काका, नेटवर पडलेला होता फोटो."

"रस्त्यावर पडलेलं पोर बी कुनाचं तरी असतंय की, डॉक्टर."

मग वकील गाठला. कोणाच्या सांगण्यावरून नाही, पैसे घेऊन नाही, स्वतःच्या हौसेने काढलेला फोटो कायद्याने अण्णांचाच, असं तो म्हणाला. अण्णांचा चेहरा उजळला. नोटीस गेली, फलक उतरला. चादरीवाल्याला जाब विचारला तर तो मात्र उलट त्यांच्यावरच उखडला, "दिलं म्हंजे दिलं की अण्णा! फुकट नाव झालं तुमचं, वर बोंब कसली मारताय?"

पण तोवर दातवाली नरसम्मा सुटली होती. पाचक चूर्णाच्या पाकिटावर ती, सणाच्या शुभेच्छांमध्ये ती. एक उतरवावी तर दुसरीकडे दोन उगवत. शेवटी वकिलानेच हात टेकले. गल्लीतली पोरं म्हातारीला विचारायची, "आज्जी, दात कुटं ठिवलीस?" ती पुन्हा पदर तोंडावर घेऊ लागली, अण्णांशी बोलतानासुद्धा. ते त्यांना फार लागलं. "फोटो गेला तर गेला," म्हणायचे, "तिचं हसू नेलं की ओ ह्या लोकांनी."

नरसम्मा गेली तेव्हा अण्णांनी मूळ फोटो मोठा करून, फ्रेम करून तिच्या घरी नेला. मी सोबत होतो. आत पाटावर दातवाल्या नरसम्माला हार घातलेला. अण्णांनी आपली फ्रेम तिच्या मुलाला दाखवली. त्याने ती बराच वेळ पाहिली, डोळे पुसले.

"ऱ्हाऊ द्या की अण्णा. ह्या फोटूत अम्मा लई चांगली दिसती. समद्यांना हीच माहीत हाय."

त्याच्या बोलण्यात जराही कुचकेपणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि म्हणूनच अण्णांना भांडताही येईना. त्यांनी फ्रेम भिंतीला टेकवली, पाटासमोर वाकले, हात जोडले. बाहेर येऊन चपला घालताना त्यांचा पाय चपलेत जाईना.

"बगितलास?" मला म्हणाले. "मी बी त्या दातांच्याच पाया पडून आलो की."