त्या रांगेत नंदा बसली होती

आधीच सांगून टाकते, मी या ग्रुपवर फक्त वाचायला येते. रात्रीचे किस्से, वडाखालची बाई, पांढरी साडी... वाचते, हसते आणि झोपते. माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी मोताळ्याला ब्लाउज शिवते. गल्लीत कोणाच्या अंगात आलं की बाया हात जोडून बसतात, आणि मी मागं बसून बघत असते की हिची बाही खांद्यावर किती ओढली जातेय. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला 'बिनादेवाची' म्हणतात. म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले. लिहितेय तेही मन हलकं व्हावं म्हणून. ते होईल असं वाटत नाही, पण असो.

आमच्या घरासमोर नंदा राहते. माझ्याच वयाची. आमची मैत्री म्हणजे काय सांगू... तिच्या घरात फोडणी पडली की माझ्या घरी वाटी यायची. माझी दोन्ही बाळंतपणं तिनं काढली म्हटलं तरी चालेल. तिचे मिस्टर एसटीत होते. मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी अचानक गेले, हार्टनं. ड्युटीवरून आले, पाणी मागितलं, आणि नंदा पाणी घेऊन येईस्तोवर संपलं होतं सगळं. तेव्हापासून नंदा बोलते-चालते, हसते सुद्धा, पण कोणाच्या कार्यक्रमाला गेलेली नाही. गेली नाही म्हणते मी... खरं तर कोणी बोलावलंच नाही. मी पण नाही.

आता हे जिथं घडलं त्या रिसॉर्टचं सांगते. मलकापूर–बुलढाणा रोडनं राजूर घाट लागायच्या आधी आत एक रस्ता जातो. तिथं आधी साधं लॉन होतं, लग्नं लागायची. नवीन मालकानं घेतलं आणि पार चेहराच बदलून टाकला. स्विमिंग पूल, रेन डान्स, झोपडीसारख्या एसी रूम, सेल्फीसाठी रंगवलेली बैलगाडी. एकदा हातात बँड बांधला की नाश्ता, हुरडा, जेवण, चहा, सगळं त्यातच. संक्रांतीनंतर त्यांनी महिला स्पेशल काढलं: दिवसभर मजा, उखाण्यांची स्पर्धा आणि दुपारी सामूहिक हळदीकुंकू, वाण सुद्धा तेच देणार. आमच्या गल्लीतल्या मंगलानं पोस्टर पाहिलं आणि माझ्या दुकानात येऊन बसली.

"आपण जाऊच. पण नंदाले सांगू नोको," मंगला म्हणाली.

"काऊन?"

"काऊन म्हणजे? हळदीकुंकू हाये बाप्पा. बाया कुंकू लावतीन अन् थे बसीन बाजूले तोंड घेऊन. तिलेच कसंतरी होईन. त्याच्यापरस सांगूच नोको."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, चटकन पटलं. आपण तिच्याच भल्यासाठी करतोय असं वाटलं की माणूस जास्त विचार करत नाही. आणि त्याच्यापुढची गोष्ट तर मंगलालाही माहीत नाही. आत्याबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना एकटं ठेवता येत नाही. यांना दुकानाचा माल आणायला अकोल्याला जायचं होतं, मुलं शाळेत. दिवसभर आत्याबाईंजवळ बसणार कोण? मी नंदाकडेच गेले. म्हटलं, मलकापूरला मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा आहे, जावंच लागेल.

"जाय ना वं, इतकं काय इचारतं," ती म्हणाली. "मायजवळ मी बसीन. तू निवांत जाय, चांगली साडी नेसून जाय."

हो, असं म्हणाली ती. मी तिला खोटं सांगून तिच्याच जिवावर हळदीकुंकवाला निघाले होते आणि ती मला चांगली साडी नेस म्हणत होती.

रिसॉर्ट छान होतं, नाही म्हणणार नाही. रंगाचा वास अजून जायचा होता. मंगलाच्या नव्या पैठणीला खांबाचा ऑइलपेंट लागला, आणि तिनं मॅनेजरला असं फैलावर घेतलं की तो बिचारा स्वतः केरोसीन घेऊन आला. बुलढाण्याच्या, देऊळघाटच्या, कुठकुठल्या बायकांचे ग्रुप आले होते. आगटीभोवती बसून गरम हुरडा खाल्ला, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. 'अनलिमिटेड' म्हटल्यावर बायका पण काही कमी नव्हत्या, पोटाला तडस लागेपर्यंत खाल्लं. मी उखाणा घेतला, दुसरा नंबर आला. तोवर नंदाची आठवण मला एकदाही आली नाही, हे पण लिहूनच ठेवते.

जेवणानंतर मंडपात हळदीकुंकू. भरदिवसा, लख्ख उजेडात. खुर्च्यांच्या लांब रांगा, माइकवर गाणी, बायकांचा कलकलाट. प्रत्येक ग्रुपमधून एकीनं आपल्या रांगेला कुंकू लावायचं असं ठरलं. आमच्यातून मी उठले. हातात करंडा, मागून रिसॉर्टची मुलगी वाणाच्या पिशव्या घेऊन. मी लावत चालले. हळद, कुंकू, पुढची. हळद, कुंकू, पुढची. चेहऱ्याकडं कोण बघतं? कपाळच दिसतं तेवढं. मंगलाला लावलं. तिनं डोळा मारला. पुढं सरकले.

पुढच्या खुर्चीवरच्या बाईनं तोंड वर केलं होतं आणि डोळे मिटले होते. मोकळं कपाळ. टिकली नाही, काही नाही. मी बोट कुंकवात बुडवलं आणि... माझी नजर तिच्या ब्लाउजवर गेली. धंद्याची सवय, दुसरं काय.

तो ब्लाउज मी शिवलेला होता. मोरपंखी, बाहीला मोत्यांची लेस. डाव्या बाहीची लेस माझ्या हातून उलटी लागली होती. उसवून लावू म्हटलं आणि राहून गेलं, कारण त्याच आठवड्यात नंदाचे मिस्टर गेले. मोरपंखी ब्लाउज घेऊन कोणत्या तोंडानं जायचं तिच्याकडं? तिनंही कधी मागितला नाही. तो माझ्या दुकानाच्या कपाटात तसाच पडून होता, कोणालाही न दाखवता.

मी चेहरा पाहिला. नंदा होती.

अंगावर काटा वगैरे आला नाही. भीती पण नाही वाटली. मला वाटलं, अवो माय, पकडली गेले! हिला कळलं, ही आली, आता चारचौघींत विचारणार, हाच का गं तुझा साखरपुडा? पण नाही. डोळे मिटून, लहान मुलीनं टिकली लावून घ्यायला करावं तसं तोंड पुढं करून बसली होती. ओठांवर किंचित हसू. वाट पाहत होती.

आणि मी हात मागं घेतला.

मुद्दाम घेतला असं नाही, आणि चुकून घेतला असंही नाही. हात आपोआप मागं आला. एवढ्या बायका बघतायत, विधवेला कुंकू लावलं तर काय म्हणतील, आत्याबाईंच्या कानावर गेलं तर... आणि अजून आतलं सांगू? माझे मिस्टर त्या दिवशी अकोल्याच्या रस्त्यावर होते, ते डोळ्यासमोर आले. भुताखेताला न मानणारी मी! एका बोटभर कुंकवाला घाबरले. तिला ओलांडून पुढच्या बाईला लावून टाकलं.

लगेच जिवाला चटका बसला. मान वळवली, तर खुर्ची रिकामी. म्हणजे खुर्चीवर मंगलाची पर्स ठेवलेली.

मला वाटलं, रागानं उठून गेली. करंडा त्या वाणवाल्या मुलीच्या हातात कोंबला आणि मी मंडपाबाहेर पळाले. स्विमिंग पूलकडं, आगटीकडं, बाथरूमच्या रांगेत, सगळीकडं पाहून आले. गेटवरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, जेवणानंतर कोणीच बाहेर गेलं नाही. परत येऊन मंगलाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझ्या बाजूले कोण बसलं होतं वं?"

"माही पर्स," मंगला म्हणाली. "काऊन? तुले उन्हाचं झालं काय? तोंड पाह्य कसं पांढरं पडलं."

मी बाजूला जाऊन नंदाला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"झाला काय वं साखरपुडा? पोरगी कशी दिसते?"

मागून आत्याबाईंचा आवाज येत होता, जया हाये काय, जेवली काय विचार. कसंबसं म्हटलं, हो, झाला.

"मायनं खिचडी खाल्ली. तू काई काळजी करू नोको, आरामात ये."

संध्याकाळचा चहा मी घेतला नाही. घरी पोचले तेव्हा नंदा ओट्यावर लसूण सोलत बसली होती, आमच्याच भाजीसाठी. नेहमीची फिकट साडी, नेहमीचा पांढरा ब्लाउज. मी हातातलं वाण पदराखाली लपवून आत गेले. ती गेल्यावर आत्याबाईंना विचारलं, नंदा मधे कुठं गेली होती का?

"कोठी जाईन थे? दिवसभर माह्याजवळच होती. माहे पाय चेपून देल्ले, केस इचरून देल्ले. तुह्यापरस बरी हाये."

मग दुकानाचं कपाट उघडलं. ब्लाउज जिथल्या तिथं, प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला. डाव्या बाहीची लेस उलटीच.

इथपर्यंत मला कळतं तुम्ही काय म्हणाल. मनात अपराधी वाटत होतं म्हणून भास झाला. मी पण स्वतःला हेच सांगितलं. खोटं बोलून गेलीस, मन खात होतं, ब्लाउज डोक्यात होता, हुरडा जास्त झाला. मला ते पटलं सुद्धा असतं. पण झोप येईना. डोळे मिटले की तिचं पुढं केलेलं तोंड दिसायचं. मशीनवर बसले की सुई सरळ जायची नाही, दोन गिऱ्हाइकांचे ब्लाउज वाया घालवले. नंदा आपली रोज येत होती, आत्याबाईंशी बोलत होती, आणि मी तिच्या नजरेला नजर देत नव्हते. आमच्यात काहीतरी तुटतंय असं वाटायचं, आणि ते मीच तोडत होते.

शेवटी रथसप्तमीच्या दिवशी मी ठरवलं. लोक गेले खड्ड्यात. ताटात हळदीकुंकू, तिळगूळ, वाण घेतलं आणि भरदुपारी, गल्ली बघत असताना नंदाच्या घरी गेले. मंगला तिच्या दारात उभी होती, तिच्यासमोरून गेले. नंदा ज्वारी पाखडत होती. ताट पाहून तिचे हात थांबले.

मी म्हटलं, "नंदा, माझं चुकलं. इकडं ये, कुंकू लावू दे."

साखरपुड्याचं, रिसॉर्टचं, सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. पण ती आधीच बोलली. अगदी शांतपणे.

"त्या दिवशी मी तोंड समोर केलं, तं तू हात मांगं घेतला ना वं."

मी ताट खाली ठेवलं. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. मंगलाला नाही, मिस्टरांना नाही. मंगलानं तर मला रिकामी खुर्ची ओलांडतानाच पाहिलं असणार.

"कधी?" मी विचारलं. "कुठं होतीस तू?"

ती जरा गोंधळली. सूप मांडीवर धरून विचार करत बसली, एखादं नाव आठवत नसलं की बसतो तसं. "मले काय माईत कोठी... लय बाया होत्या. तू माह्यासमोर आली. मले वाटलं, लावतं आता. अन् तू पुढं गेली."

मी रडायला लागले. तिच्यासमोर खाली बसले, बोट कुंकवात बुडवलं आणि तिच्या कपाळाकडं नेलं. तिनं माझं मनगट धरलं. झिडकारलं नाही, हळूच धरलं.

"नाई वं जया," ती म्हणाली. "त्या दिवशी मन झालं होतं. आता नाई होत."

मग ती उठली, चहा ठेवला. साखर संपली होती म्हणून मला म्हणाली, तुमच्या घरून वाटीभर आण. मी आणली. चहा पिताना ती गव्हाच्या भावाबद्दल बोलत होती.

अजूनही रोज येते ती. रागावलेली नाही, निदान दाखवत नाही. मी परत विचारलं नाही आणि तिनंही विषय काढला नाही. इथं जाणकार मंडळी आहेत, जिवंत माणूस एका वेळी दोन ठिकाणी कसं दिसतं याबद्दल कोणाला काही माहिती असेल तर जरूर सांगा. मला आजपर्यंत काही समजलेलं नाही. फक्त मी हात मागं का घेतला, ते कृपा करून विचारू नका. ते मला माहीत आहे.