दाई आणि शेवटचा फ्लास्क

प्रयोगशाळेत तिला सगळे दाई म्हणत. नाव सरांनीच पाडलेलं. सुट्टीच्या दिवशीही ती यायची, इन्क्युबेटरमधून फ्लास्क काढायची, पेशींचं जुनं खाद्य काढून नवं घालायची आणि त्यांना परत उबेत ठेवायची. कुणाची अंघोळ, कुणाचं दूध उरकल्यासारखी. सख्ख्या भावाच्या लग्नातून ती पंगत उठायच्या आत निघून आली, तेव्हा आई म्हणाली होती, "स्वतःचं एक नाही आणि लोकांच्या पोरांची उस्तवार!"

आईचं खरं होतं. फ्लास्कमध्ये लोकांचीच पोरं होती.

तिचं काम एका आनुवंशिक आजारावर होतं. तो इतका दुर्मीळ, की बहुतेक डॉक्टरांना आयुष्यात भेटत नाही. पावलं टाकू लागलेलं मूल हळूहळू चालणं विसरतं, मग गिळणं, मग श्वास. बसमध्ये तिकिटं फाडणाऱ्या कंडक्टरबाईंची मुलगी अशीच गेली. ती असताना तिच्या दंडावरून मसुराएवढी कातडी घेतली होती. त्यातल्या पेशी वाढवून, गोठवून नायट्रोजनच्या पिंपात कुप्यांमधून ठेवल्या होत्या. तिच्या जनुकातला नेमका दोष अजून दुसऱ्या कुणात सापडला नव्हता.

मुलगी गेल्यावर कंडक्टरबाई दवाखान्याची चाकांची खुर्ची परत करायला आल्या, आणि जिना चढून वर प्रयोगशाळेत आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्याकडे तिचं काहीतरी आहे ना अजून?"

दाईने त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. खाली लांबट, निमुळत्या पेशी एका दिशेने तोंडं करून पडल्या होत्या, पाण्यात स्थिर राहिलेल्या माशांसारख्या.

"हे जिवंत आहे?"

"हो."

त्या बराच वेळ वाकून बसल्या. मग रजेच्या दिवशी येऊ लागल्या. "काय मॅडम, आमची स्वारी काय म्हणतेय?" अशी दारातूनच हाक. त्या यायच्या म्हटलं की दाई आधीच एक कुपी काढून पेशी जाग्या करायची, वाढवायची. पाहणं झालं की तो फ्लास्क टाकून द्यायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सगळं गोठवलेलं आहे, आता दिसणार नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण दारात आलेल्या बाईला रिकाम्या डोळ्यांनी परत पाठवणं तिला जमेना.

मग परदेशी जाण्याचा खर्च देणारी प्रवासवृत्ती मिळाली. दुर्मीळ आनुवंशिक आजारांवर काम करणाऱ्या नवोदित संशोधकांसाठीची. दोनदा नाकारली गेलेली. पुढच्या वर्षी नियमाप्रमाणे ती नवोदित राहिली नसती. समुद्रापलीकडच्या एका प्रयोगशाळेत असं यंत्र होतं, की या दोषावर एखादं औषध कधी चालेल की नाही, ते जिवंत पेशींवर कळू शकलं असतं. सरांनी सगळ्यांना चहा पाजला. दाई हातमोजे चढवून पिंपाकडे गेली आणि झाकण उघडलं.

एकच कुपी उरली होती.

तिला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत असलेलं तिने पाहिलं नव्हतं. कातडीतल्या पेशी ठरावीक वेळाच दुभंगतात, मग थांबतात. वात जळते तशा. ताज्या कुप्या एकेका भेटीत जळून गेल्या होत्या; उरलेली सर्वांत शेवटी गोठवलेली, वात संपत आलेली.

शेवटची कुपी तिने जागी केली. पेशी उठल्या, पण रखडत. पसरट, फाटक्या कडांच्या. सर भिंगातून पाहून म्हणाले, "तिकीट आलं, पण प्रवासी कुठाय?" मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. "बाकीच्या कुठे गेल्या गं?"

"दाखवण्यात."

सर दाराकडे वळले. जाता जाता म्हणाले, "दाईनंच बाळ लाडानं संपवलं की."

आता पुन्हा गोठवल्या तर त्या उठणार नव्हत्या. जिवंतच न्यायच्या, फ्लास्क खाद्याने काठोकाठ भरून, घट्ट बंद करून, अंगाच्या उबेत. जुने लोक असंच न्यायचे. पण यंत्राखाली गेल्यावर त्या मरणार होत्या, आणि मुलीच्या आईला केव्हाही नाही म्हणायचा हक्क होता. सर म्हणाले, "आत्ता काही बोलू नकोस. परत येशील तेव्हा सांगू." दाईने मान डोलावली. पण निघायच्या दिवशी सकाळी तिने कंडक्टरबाईंना फोन केला.

त्या आल्या, भिंगाशी बसल्या, आणि या खेपेला लवकर मान वर केली.

"आज दमलीये का?"

"हो. आता एवढीच आहे, ताई. मी हिला आज तिकडे नेणार आहे. तुम्ही हो म्हणालात तर."

"मग परत कधी आणणार?"

"नाही आणणार. तपासताना संपेल."

"आणि त्या पिंपातली?"

"पिंपात काही नाही."

बाहेरच्या सिंकमध्ये कुणीतरी बाटल्या विसळत होतं. कंडक्टरबाईंनी खुर्ची दाईकडे वळवली.

"मॅडम, खरं सांगा. मी बघायला आले नसते, तर जास्त उरली असती?"

नाही म्हणणं सोपं होतं. दाईने ते ओठांपर्यंत आणलंही.

"असती," ती म्हणाली. "पण तुम्ही मागितलं नव्हतं. मीच दाखवत गेले."

"मला सांगायचं नाही होय?" आवाज चढला नाही, उलट बसला. "भरलेल्या गाडीत मी दिवसभर ओरडते, पुढे चला, पुढे चला. आणि इथं मी स्वतःच दारात अडून बसले होते."

त्यांनी हात पुढे केला. दाईने फ्लास्क भरला, बंद केला, पुसला आणि त्या हातात दिला. कंडक्टरबाईंनी तो ब्लाउजच्या आत, छातीशी ठेवला.

"विमान कधीचं?"

"संध्याकाळचं."

"तोवर राहू दे माझ्याकडे. ऊबच लागते ना?"

विमानतळाच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. कंडक्टर ओळखीचा निघाला. "काय बाई, आज बसून?"

"आज सवारी आहे. दोन दे."

त्याने दोघींकडे पाहून तिकिटं फाडली. कंडक्टरबाईंचा हात छातीवरच होता. दाईकडे न पाहता त्या हळूच म्हणाल्या, "हिचं लागत नाही. पाचाच्या आतली आहे." आणि हसल्या. दाईला हसता येईना.

फाटकापाशी लोक बॅगा ढकलत होते. कंडक्टरबाईंनी फ्लास्क काढला, पण हात लगेच पुढे केला नाही.

"काय निघेल ते कळव. वाईट निघालं तरी कळव. आणि मला बरं वाटावं म्हणून काही करू नकोस आता."

"नाही करणार."

"जा मग. मागे गर्दी झालीये."

दाईने तो अंगाशी ठेवला. काच गरम होती, तिच्या स्वतःच्या अंगापेक्षा गरम. रांग पुढे सरकली. तळाला किती पेशी अजून जिवंत, धरून होत्या आणि वाटेत किती मरून, सुटून नुसत्या तरंगत होत्या, हे तिकडे पोचून भिंगाखाली ठेवल्याशिवाय तिला कळणार नव्हतं. तिने वरून हात ठेवला आणि तो काढला नाही.