वीसनखी मैना

स्नेहीजनहो, आज दुपारी जे घडले ते येथे लिहितो, कारण घरात ऐकून घेणारे आता कोणी नाही.

आमच्या मैना कुत्रीच्या मागच्या पायांना, पंजाच्या वर, एकेक जादा नख होते, म्हणजे इतर कुत्र्यांच्या अठराऐवजी एकूण वीस. अशी नखे जमिनीला टेकत नाहीत, म्हणून झिजत नाहीत; ती वेळोवेळी कापावी लागतात. माझी पत्नी सुनंदा ते काम करीत असे. कात्री दिसताच मैना स्वतःहून पाय पुढे करी. सुनंदा यंदा संक्रांतीच्या आधी गेली.

आज मी शिरूरच्या बाजारातून परतलो, तेव्हा ओटा रक्ताने माखलेला होता. माझी थोरली बहीण डाळिंब छाटायची कात्री धूत बसली होती. तिने मैनेची दोन्ही जादा नखे मुळापासून उडवली होती.

“आक्का, हे काय केलेस?”

“वीसनखी कुत्रं मालक-मालकिणीला खातं. सुनंदाला खाल्लं, आता तुझ्यावर टपलंय.” मग ती हसली. “आन् धरावं बी लागलं न्हाई बघ. कात्री दावली, तवा येडीनं सोताच पाय म्होरं केला! दुसऱ्या पायाला मातुर बांधावी लागली.”

डॉक्टरांनी टाके घातले आहेत. आक्काला मी दौंडच्या एस.टी.त बसवून दिले आणि पुन्हा येऊ नकोस, असे सांगितले.

मैनेची अठरा नखे उरली आहेत; त्यांतली पुढच्या पायांची वरची दोनही जमिनीला टेकत नाहीत, ती वाढतच राहणार आहेत. सुनंदाची छोटी कात्री माझ्यासमोर आहे. ती मैनेला मी कोणत्या तोंडाने दाखवू?