कात्रीमावशीचे आल्बम

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाईला सगळी इमारत कात्रीमावशी म्हणते. तिने हयात घालवली फोटो स्टुडिओत, आणि तीही फोटो कापण्यात. धुऊन सुकलेल्या फोटोंच्या कडा सरळ कापायच्या आणि ते जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचे, हे तिचं काम. हात इतका बसलेला की पट्टी लागायची नाही. जिभेलाही तीच धार होती, त्यामुळे नाव पडलं ते कायमचंच.

मावशी ज्यू. त्यांच्या गल्लीतली घरं एकेक करून रिकामी झाली, माणसं दूर देशी निघून गेली. जाताना सामानाच्या वजनाची पंचाईत, आणि भिंतीवरचे आजे-पणजे तर पुठ्ठ्याफ्रेमसकट जड. मग प्रत्येकाला हिचीच आठवण झाली. तू फोटोवालीच आहेस, तुझ्याकडे राहू देत, बस्तान बसलं की मागवून घेऊ, असं म्हणून जो तो गठ्ठा ठेवून गेला. मागवला एकानेही नाही. मला या लोकांचा मनापासून राग येतो. ते हात झटकून मोकळे झाले आणि त्यांचं अख्खं गणगोत हिच्या गळ्यात पडलं. मी तसं बोलले की मावशी मलाच झापायची. जाणाऱ्याने भांडी न्यावीत की आजोबा, आणि भुकेल्या पोरांना आजोबा वाढून चालतं का, असं विचारायची.

तिचा भाऊही परदेशी गेला. अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी ही मागे राहिली. आई गेल्यावर भावाने बोलावलं, तर म्हणाली, एवढी माणसं कुणाच्या भरवशावर टाकून येऊ? ही माणसं म्हणजे फोटो.

ते तिने जिवापाड जपले. पुठ्ठ्यांना कसर लागायला लागली तेव्हा एकेक फोटो पाण्यात भिजवून पुठ्ठ्यापासून अलगद सोडवला. बाजारात तेव्हा नव्या तऱ्हेचे आल्बम आले होते. पानाला आधीच गोंद, फोटो ठेवायचा आणि वरून पारदर्शक कागद दाबून बसवायचा. पोटाला चिमटा काढून तिने ते घेतले. फोटोंच्या मागे हिब्रू लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहिलेलं असायचं ते सगळं वाचून प्रत्येक फोटोखाली चिठ्ठी लावली. नाव, कुणाची कोण, जन्म, लग्न, मृत्यू, कुठे गेले. मग आल्बम कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवले आणि कुलूप घातलं. उजेडाने फोटो उडतात म्हणून ती स्वतःसुद्धा उघडत नसे. इतक्या वर्षांत मी फक्त कापडाच्या गाठी पाहिल्या, आणि त्याही हात धुतल्यावर.

गेल्या महिन्यात तिला परदेशातून फोन आला. बोलणारा माणूस स्वतःच आजोबा झालेला. त्याला जन्म देऊन चार दिवसांत त्याची आई गेली होती, आणि चालायला लागायच्या आतच आत्याने त्याला कडेवर घेऊन देश सोडला होता. आईचा एकच फोटो निघाला होता, तो मावशीपाशी ठेवलाय, हे आत्याने मरताना सांगितलं. त्याने आईला कधी पाहिलंच नव्हतं. त्याची आई म्हणजे मावशीची जिवाभावाची मैत्रीण. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी आपलं माणूस मागायला येत होतं. मावशीला आभाळ ठेंगणं झालं. येईल त्याला सांगत सुटली.

तो आला. शांत, भिडस्त माणूस, आत्याकडून शिकलेली मराठी बोलणारा. मी चहा घेऊन गेले तेव्हा मावशी गाठ सोडत होती.

पानं पिवळी नव्हे, तपकिरी पडली होती. कुबट वास आला. मावशीने नेमकं पान काढलं, पण वरचा पारदर्शक कागद सुटेना. त्यातून काहीच धड दिसत नव्हतं. तिने नखाने कोपरा उचलला. खालून थोडा सुटला, तेव्हा हाताला जोर आला आणि तिने उरलेला ओढला. फोटो त्या कागदाला चिकटला होता. कागदाबरोबर चेहरा निघून आला आणि त्याचे काळे कपचे तिच्या मांडीवर सांडले.

खाली राहिली ती खुर्ची, खुर्चीच्या पाठीवरचा हात आणि गळ्यापर्यंतचा पोशाख. त्याच्या वर पांढरा कागद. चिठ्ठी मात्र जशीच्या तशी.

 त्याने चिठ्ठी वाचली, त्या हातावर अलगद बोट ठेवलं. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही तर तिला रोज बघत होता. तुम्ही सांगा. कशी दिसायची?"

मावशी घाईघाईने सांगू लागली. चालायची भरभर. हिशेबात कच्ची होती. हसायला लागली की उचकी लागायची. फोटोच्या दिवशी पोशाख उसना आणला होता.

"आणि चेहरा?"

मावशीने तोंड उघडलं. मग त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिली.

"चेहरा नाही रे आठवत," ती म्हणाली. "फोटो होता ना जपून ठेवलेला. मग मी कशाला लक्षात ठेवू?"

त्याने मान खाली घातली.  मावशीने डोळे मिटले आणि ती पुटपुटत एकेक नाव घेऊ लागली. गल्लीतली माणसं, शेजारणी, मग भाऊ. नाव घ्यायची, चेहरा येतो का म्हणून थांबायची, नकारार्थी मान हलवायची आणि पुढच्या नावाकडे वळायची. शेवटी तिने आईचं नाव घेतलं. खूप वेळ थांबली, आणि पुन्हा तशीच मान हलवली.