रिकामा ठेवलेला रकाना

शलमोन त्रिभुवन खोक्यावरची चिठ्ठी वाचून वस्तू कधी देत नसे. खोके उघडी, वस्तू बाहेर काढी, तिच्या काठावरून अंगठा फिरवी आणि मगच समोरच्याला विचारी, "हेच पायजे ना?" बेअरिंगच्या खोक्यात बेअरिंगच असणार, हे त्याला मान्य नव्हते. छापील अक्षराशी त्याचे वैर नव्हते. त्याचा त्यावर विश्वास नव्हता, एवढेच.

श्रीरामपूरजवळच्या आमच्या कंपनीत साखर कारखान्यांना लागणारे सुटे भाग तयार होत. मी तिथे वर्क्स मॅनेजर होतो आणि शलमोन स्टोअर सांभाळत असे. सव्वीस वर्षे आम्ही एका आवारात काढली. कडक माणूस म्हणून माझी ख्याती होती आणि ती मी जपत असे. गेल्या वर्षी शलमोन वारला. त्याच्याविषयी लिहायचे एक कारण आहे. ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

आमच्या शेठनी कंपनीत ईआरपी आणायचे ठरवले. खरेदी, स्टोअर, उत्पादन आणि विक्री हे सगळे एकाच सॉफ्टवेअरमधून चालावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी पुण्याहून मृणाल नावाची एक तरुण मुलगी आली. प्रत्येक खात्यात काम कसे चालते ते समजून घ्यायचे आणि त्यावरून सॉफ्टवेअरचा आराखडा करायचा, हे तिचे काम. आमच्या बाजूची जबाबदारी माझ्याकडे होती.

पहिल्याच दिवशी तिने शलमोनला विचारले, "काका, स्टोअरमधून माल देण्याची पद्धत सांगाल का?"

"सांगायची का करायची?" शलमोन म्हणाला. "दोन येगळ्या हायेत."

ती हसली. मी हसलो नाही. गुणवत्ता प्रमाणपत्रासाठी लिहिलेली जाड फाईल मी तिच्यापुढे सरकवली आणि पद्धत यात आहे, असे सांगितले. इतर खातेप्रमुखांनीही तेच केले. शेठसमोर 'आम्ही असे वागतो' म्हणून जे सांगायला हवे, तेच सर्वांनी सांगितले. कोणी खोटे बोलत होते असे नाही. त्या फाईलमधल्या कंपनीत आपण काम करतो, असे बहुतेकांना खरोखरच वाटत होते.

शलमोनचा एक ठरलेला प्रश्न होता. कोणी एखादी पद्धत समजावू लागला की तो शांतपणे विचारी, "हे शेवटचं कवा केलं?" खरेदी खात्याचे कुलथे या प्रश्नाने फार चिडत. तीन ठिकाणचे दर मागवल्याशिवाय आपण काहीच घेत नाही, असे ते मृणालला सांगत असताना शलमोनने तो विचारलाच. कुलथे त्याला म्हणाले, त्रिभुवन, तुम्हाला कॉम्प्युटर चालू करता येतो का? शलमोन म्हणाला, "न्हाई. पन बंद कशानं पडंल ते कळतं."

मृणालची आणि त्याची चांगली गट्टी जमली. वस्तूंची यादी करायला ती आठ दिवस स्टोअरमध्ये बसली. तो एकेक वस्तू तिच्या हातात देई आणि नाव सांगे. पितळेच्या एका बुशला आमच्याकडे सगळे 'पुणतांबा' म्हणत, कारण पुणतांब्याच्या एका टर्नरने तो पहिल्यांदा करून दाखवला होता. मृणालने ते गावाचे नाव समजून ठिकाणाच्या रकान्यात भरले. चाचणीच्या वेळी आमचे एक गोदाम पुणतांब्याला असल्याचे पडद्यावर दिसू लागले. शेठनी मला बोलावून विचारले. मी शलमोनला बोलावून विचारले. तो म्हणाला, "नदीकाठची जागा हाय, चांगलीच असंल. मला कुनी दावली न्हाई अजून." मग स्वतःच वर जाऊन, चूक पोरीची नाही, नाव सांगणाऱ्याची आहे, असे शेठना सांगून आला.

आता मूळ गोष्ट. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की एखाद्या रविवारी ऊस आत ओढून नेणाऱ्या गव्हाणीची साखळी तुटते. गाळप थांबते. आवारात उसाच्या गाड्या उभ्या राहतात आणि ऊस वाळू लागतो. अशा वेळी कारखान्याची जीप आमच्या फाटकाशी येई. मागणीपत्र नाही, मंजुरी नाही. मी घरून शलमोनला फोन करी, "गाडी सोड. कागद उद्या करू." शलमोन चर्चमधून पांढऱ्या शर्टातच येई, स्टोअर उघडी आणि माल देई. आमची साखर कारखान्यांतली पत या रविवारांवर उभी होती. मात्र कागदाशिवाय माल बाहेर सोडणाऱ्याला कामावरून काढायचे, हा शेठचा नियम होता. त्या नियमाखाली फाटकावरचा एक रखवालदार पूर्वी गेलाही होता.

नव्या आराखड्यात दोन मंजुऱ्या मिळाल्याखेरीज गेटपास छापलाच जाणार नव्हता. शलमोन माझ्या खोलीत आला आणि म्हणाला की हे असेच राहिले तर पुढच्या हंगामात आपण बसलो. रविवारची गोष्ट मृणालताईंना सांगायला हवी. मी त्याला गप्प राहायला सांगितले. तुझ्या निवृत्तीला अकरा महिने उरले आहेत, असेही म्हणालो. ते त्याच्या काळजीपोटी म्हटले, असे तेव्हा मी स्वतःला समजावले.

त्याने वाद घातला नाही. महिनाभराने आराखड्यावर सह्या करण्याची बैठक होती. मला वाटत होते, प्रकरण मिटले. शेठनी पेन उघडले तेव्हा शलमोन उठला आणि त्याने नातीच्या शाळेची एक अर्धी भरलेली वही त्यांच्यापुढे ठेवली. हंगाम चालूच होता; त्या महिन्यात कागदाशिवाय गेलेली प्रत्येक वस्तू तीत लिहिलेली होती. वस्तू कोणती, कुठल्या कारखान्याला, किती वाजता गेली, कागद कधी झाला. शेवटचा रकाना 'कोणी सांगितले' असा होता. तो वरपासून खालपर्यंत रिकामा होता.

शेठनी सगळी पाने उलटली. मग विचारले, "या रकान्यात नाव का लिहिलं नाही?"

"माल माझ्या हातानं ग्येला, शेठ. माझंच धरा."

"नियम ठाऊक आहे ना?"

"व्हय. त्यो ठाऊक हाय म्हनून तर कुनी बोलंना. पन ही पोरगी आपल्याला इचारती आन् आपन तिला दुसऱ्याच कंपनीचं सांगतो. मग ती मशीन त्या कंपनीला लागू पडंल, आपल्याला न्हाई."

कुलथे छताकडे पाहत होते. मी माझ्यासमोरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहत होतो. मी किती वेळ तसा पाहत राहिलो, ते सांगता येणार नाही. जितका लागायला नको होता तितका लागला. मग मी म्हणालो, "त्या रकान्यात माझं नाव लिहा. सगळीकडे."

शेठनी माझ्याकडे पाहिले. वही मिटली आणि ती मृणालकडे सरकवून हे आराखड्यात बसवायला किती दिवस लागतील, ते विचारले. तिने सहा आठवडे सांगितले. शेठनी पेनाला टोपण लावले आणि म्हणाले, घ्या तेवढे. नंतर त्यांनी मला एकट्याला बोलावले. तिथे जे ऐकावे लागले ते योग्यच होते. नोकरी कोणाची गेली नाही. सॉफ्टवेअरमध्ये तातडीच्या मालासाठी वेगळी सोय झाली: माल आधी, मंजुरी दुसऱ्या दिवशी, आणि सांगणाऱ्याचे नाव भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुढच्या हंगामात एकही जीप फाटकावर अडली नाही.

बैठक संपल्यावर जिन्यात शलमोन माझी वाट पाहत थांबला होता. मी त्याला जरा रागानेच विचारले, मी बोललो नसतो तर?

"तरी बी म्या तुमचं नाव घेतलं नसतं," तो म्हणाला. "पन उद्यापासून तुमाला साहेब म्हनलो नसतो."

एवढे बोलून तो स्टोअर उघडायला खाली गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर कंपनीत आलो आणि कारण नसताना स्टोअरवरून गेलो. त्याने हातातले खोके खाली ठेवले. "या, साहेब," तो म्हणाला.