डाव्या पुडीखालचं नाव

"ही डावी बाजू माझ्या ढोलकाची नाही," मी म्हणाले.

 पल्लवीच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये मी लॅपटॉपसमोर बसले होते आणि एका बोटाने बटणं दाबून ढोलक वाजवत होते. पडद्यावर टोपीवाला एक गोरा माणूस चौकात मांडी घालून बसला होता. मी बटण दाबलं की तो मांडीवरच्या ढोलकावर हात मारायचा. उजव्या बाजूची बटणं दाबली, आवाज माझे. डाव्या बाजूचं दाबलं, तर तांब्याचं भांडं बोललं.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा भांडंच.

ढोलकाचं अंग लाकडाचं असतं. त्याला खोड म्हणतात. लाकडाचा घुमारा पोटातून येतो आणि लगेच खाली बसतो. तबल्याच्या जोडीतला डग्गा धातूचा असतो. त्याचा घुमारा भांड्यात फिरत राहतो. एवढं कळायला शिक्षण लागत नाही, कान लागतो.

"पल्लवी, हा डग्गा हाय. कोणाचा हाय?"

"आजी, तो निखिलनं टाकला."

"अन् वर नाव कोणाचं हाय?"

 नाव माझं होतं. दहा मिनिटांपूर्वी तिनेच मला पडद्यावरचं माहितीचं पान कौतुकानं वाचून दाखवलं होतं. इंग्रजीत लिहिलं होतं, तिने मराठीत सांगितलं: ढोलक, पंचफुलाबाई, नागपूर. प्रत्येक थाप त्यांच्या स्वतःच्या ढोलकाची.

माझं काम ढोलकाला पुड्या चढवण्याचं. पुडी म्हणजे ढोलकाच्या तोंडावर ताणलेलं कातडं. इंदोऱ्यात घराला लागून टिनाची एक खोली आहे, तिथे मी पन्नास वर्षं हेच करते आहे. वडील करायचे, त्यांच्याजवळ शिकले. शाळेत चौथीपर्यंत गेले. एप्रिलमध्ये मला पाणी प्यायला वेळ नसतो, कारण चौदा तारखेच्या जयंतीच्या आधी गाण्याच्या सगळ्या पार्ट्यांना आपला ढोलक उद्याच हवा असतो. बाकी वर्षभर भजन मंडळं येतात. पल्लवीची आई बेसाच्या एका भजन मंडळात आहे. त्या मंडळाचा ढोलक माझ्याकडे यायचा, तसा पल्लवीला माझा पत्ता लागला.

ती आली तेव्हा म्हणाली, "आजी, गेमसाठी ढोलकाचा साउंड पॅक करायचा आहे. मॉड आहे आमचा."

मला दोन्ही गोष्टी समजावून घ्याव्या लागल्या. गेम कंपनीने केलेला असतो. त्याला खेळणारी माणसं स्वतःच्या हौशीने काही जोडतात, तो मॉड. घर बिल्डरने बांधलं आणि मागे पत्र्याची खोली आपण काढली, तसं. त्या गेममध्ये एक गाव आहे, लोक शेती करतात आणि फावल्या वेळात चौकात येऊन बसतात. वाजवायला फक्त गिटार होती. पल्लवी आणि तिचा पुण्याचा जोडीदार निखिल यांना त्यात ढोलक घालायचा होता. निखिल लीडर. म्हणजे शेवटचा शब्द त्याचा.

साउंड पॅक असा होतो. एकेक थाप वेगळी रेकॉर्ड करायची. तिला सॅम्पल म्हणतात. प्रत्येक थाप हळू, मध्यम आणि जोरात घ्यायची, आणि ती तिन्ही तऱ्हांनी पाच-पाच वेळा. पाच वेळा कशाला, तर एकच थाप पुन्हा पुन्हा वाजली की शिलाई मशीन चालल्यासारखी ऐकू येते. मग बटण दाबलं की कॉम्प्युटर पाचांपैकी वेगवेगळी थाप काढून देतो. हे मला पटलं. माणसाचा हात दोनदा सारखा पडत नाही, हे या पोरांना ठाऊक आहे तर काम बरं होईल, असं मला वाटलं.

दोन दिवस याच फ्लॅटमध्ये रेकॉर्डिंग झालं. पहिल्या दिवशी उजवी बाजू. मे महिना. कूलरचा आवाज नको म्हणून कूलर बंद, रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडक्या बंद. कोपरावरून घाम गळत होता. दुसऱ्या दिवशी डावी बाजू. ही जड आवाजाची. हिला आतून मसाल्याचा लेप असतो. मनगटाची कड दाबून घासली की हिच्यातून घूं असा आवाज निघतो. तो नीट निघाला म्हणून मी खूश होते. आवाज चांगला भरीव लागत होता.

आणि आता तिथे डग्गा होता.

माझा राग समजायला एक गोष्ट सांगावी लागेल. पुडी चढवण्याआधी खोडाच्या आत, लाकडावर, पेन्सिलने आपलं नाव आणि महिना लिहायचा, ही आमच्या वडिलांची पद्धत. वर पुडी बसली की ते नाव कोणाला दिसत नाही. मालकालाही नाही. पुढे कधीतरी कोणी पुडी उतरवेल, त्यालाच दिसतं. एकदा माझ्याकडे एक ढोलक आला. पुडी भिकार, मसाला शेणाच्या गोळ्यासारखा थापलेला. उतरवली, तर आत वडिलांचं नाव. नंतरच्या कोणी स्वतःचं घाणेरडं काम केलं होतं आणि आतलं नाव तसंच ठेवलं होतं. म्हणजे जो उघडेल तो म्हणणार, हे काम याचं. मी त्या गिऱ्हाइकाला इतकं बोलले की तो ढोलक तिथेच टाकून गेला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

"माझी डावी कुठं हाय?" मी पल्लवीला विचारलं. "ती लाव."

तिने जुनी रेकॉर्डिंग काढली. आधी उजवी लावली, मग डावी. मी ऐकलं. दोन वेगळे ढोलक वाजत होते. उजवी कडक, डावी ढिली.

"दुसऱ्या दिवशी कूलर कधी बंद केला होता वं?"

"तुम्ही यायच्या पाच मिनिटं आधी. सकाळपासून लावून ठेवला होता, तुम्हाला त्रास नको म्हणून."

"अन् ढोलक कुठं होता?"

तिने कूलरसमोरच्या दिवाणाकडे बोट दाखवलं.

कूलर ओल्या गवतातून हवा ओढतो. कातडं ती ओल पितं आणि सैल पडतं. हे मी येणाऱ्या प्रत्येक मंडळाला सांगते. आणि ऑटोत ढोलक आणा-न्यायचा कंटाळा केला म्हणून मीच तो पहिल्या दिवशी तिच्या घरी ठेवून गेले होते. दुसऱ्या दिवशी वाजवण्याआधी उजवीशी मेळ पाहायला हवा होता. तोही पाहिला नाही. काल तर सुरात लावला आहे, म्हटलं. भरीव आवाज म्हणून मी जी खूश झाले, तो भरीव नव्हता, सैल होता. चूक माझी.

पण चूक झाली तर माणसाने सांगावं. माझं बिघडलेलं काढून तिथे दुसऱ्याचं बसवायचं आणि वर नाव माझंच ठेवायचं, हे कोणत्या शाळेत शिकवतात?

"लाव फोन त्याले," मी म्हणाले.

निखिल पडद्यावर आला. कानाला मोठे हेडफोन. "आजी! पॅक काय झालाय, ऐकलात का?"

"ऐकला. डावी बाजू कोणाची हाय बाबू?"

 "अहो, ती मॅच होत नव्हती. माझ्याकडे एक साउंड लायब्ररी आहे, तयार रेकॉर्ड केलेले आवाज असतात. त्यातला एक टाकला. परवानगीचा आहे, चोरीचा नाही."

"मले काहून नाही विचारलं?"

"रविवारी रिलीज आहे ना. आणि खरं सांगू का, कोणाला कळणार आहे?"

"मले कळलं."

"तुम्ही एक्स्पर्ट आहात हो. खेळणारे लोक कुठले कुठले. त्यांनी ढोलक पाहिलेलाही नाही."

"मग नाव काढ माझं."

"नाव कसं काढू? त्याच्यामुळेच तर पॅक वेगळा आहे. बाकीच्यांकडे सगळे लायब्ररीतलेच आवाज असतात."

"अन् तुझ्याकडं काय हाय?"

तो हसला. मी हसले नाही.

"बरं, नाव राहू दे," मी म्हणाले. "खाली लिव, डावी बाजू डग्ग्याची हाय, पंचफुलाची नाही."

"ते वाईट दिसेल, आजी."

"लिवलं तर वाईट दिसते, अन् केलं तर नाही दिसत काय गा?"

"तुम्ही उगाच इमोशनल होताय."

हा शब्द मला माहीत आहे. बाई बरोबर बोलू लागली की तिला हा शब्द लावतात.

"मी इमोशनल नाही, मी रागात हाय. दोन्हीतला फरक तुले समजत नसंल तर डग्ग्यातला अन् ढोलकातला काय समजंल? आज शुक्रवार. रविवारच्या आत डावी पुन्हा करून देते. घेतली तर नाव ठेव. नाही घेतली तर काढ."

"पण पहिल्या दिवशीची पट्टी आता कशी परत येणार? कातडं आहे ते, सॉफ्टवेअर नाही."

"माझं पोट त्याच्यावरच चालते, बाबू."

तो म्हणाला, बघतो. बघतो म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

या सगळ्या वेळात पल्लवी एक शब्द बोलली नाही. मला ऑटोत बसवायला खाली आली तेव्हा मी विचारलं, "तुलेही तोंड होतं ना? काहून नाही बोलली?"

"तो लीडर आहे, आजी."

"लीडर हाय, सासरा नाही. उद्या दुपारी दोनले माझ्या दुकानात ये. यायचं असंल तर."

"दोनला? पहाटे येऊ का? रस्ता शांत असतो."

"पहाटे दूधवाले, भाजीवाले, नळावरची भांडणं. दोनले ये."

मे महिन्यात नागपुरात दुपारी दोन वाजता कुत्रंही गाडीखालून निघत नाही. त्याहून शांत वेळ आमच्या रस्त्यावर नसते. आणि माझ्या खोलीत कूलर नाही. कातड्याच्या दुकानात कूलर ठेवणारा माणूस स्वतःच्या पोटावर पाणी मारतो.

ती येईल याची मला खात्री नव्हती. दोनला पाच कमी असताना स्कूटर थांबली. डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यात गुंडाळलेलं. लॅपटॉप आणि रेकॉर्डर घेऊन आली होती.

"निखिलले सांगितलं?"

"नाही," ती म्हणाली.

मी भिंतींना आणि दाराला गोधड्या टांगल्या होत्या, म्हणजे टिनाचा खणखणाट येऊ नये. आत भट्टी झाली होती. पहिल्या दिवशीची उजवी बाजू मी तिला लॅपटॉपवर लावायला सांगितली. ती ऐकत माझी उजवी जुळवली. दोरीतल्या कड्या सरकवल्या की पुडी ताणते किंवा सैल होते, तसं थोडं थोडं करत. मग त्या उजवीशी डावी जुळवली. पाऊण तास गेला. पल्लवीने मध्येच फोनवर एक ॲप लावून पट्टी दाखवायला सुरुवात केली. मी म्हटलं, ते आत ठेव. तिने ठेवलं.

रेकॉर्डिंग सुरू झालं आणि दहा थापांनंतर रेकॉर्डर बंद पडला. गरम होऊन. दोन्ही माणसं टिकून होती, बंद पडलं ते मशीन. आम्ही ते माठाच्या तिवईखाली सावलीत ठेवलं, थंड होऊ दिलं, पुन्हा लावलं. पुन्हा बंद पडलं. असं चार वेळा. दर वेळी सुरू करण्याआधी मी उजवीशी मेळ पाहिला. उन्हात कातडं ताणतं आणि आवाज चढतही जातो. एकदा पल्लवी म्हणाली, "आता तर पाहिला होता." मी म्हणाले, "तसं म्हणूनच हे झालं."

साडेचारला शेवटची थाप झाली. शेजारच्या घरी कुकरची पहिली शिटी वाजली तेव्हा पल्लवी गोधड्या घड्या घालत होती.

तिने तिथूनच फाईली पाठवल्या. निखिलला काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं नाही. मी विचारलंही नाही. तासाभराने त्याचा फोन आला. स्पीकरवर होता.

"पल्लवी, ही डावी फार भारी आहे. आता उजवीच कमी वाटतेय. आजी उजवीही पुन्हा करून देतील का?"

माफी नाही, काही नाही. उजवीही करून द्या.

"त्याले सांग," मी म्हणाले, "उद्या रविवार हाय. दुकान बंद."

पॅक रविवारी निघाला. डग्गा गेला, माझी डावी बसली, नाव राहिलं. नंतर काय झालं तेही खरं खरं सांगते. पल्लवीने लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. छान आहे, मजा आली, असं. एकाने लिहिलं, गिटारचा रंग बदला. काही जणांना आधीचा डग्ग्याचा पॅक तपासायला दिला होता. त्यांनी नवा ऐकून फरकाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. निखिल म्हणाला होता तेच झालं. कोणाला कळलं नाही.

त्याचं म्हणणं बरोबर निघालं म्हणून त्याचं करणं बरोबर ठरत नाही.

पॅकमध्ये माहितीची एक लहान फाईल असते. ती कोणी उघडत नाही. मी पल्लवीला त्यात लिहायला लावलं: डावी बाजू, पंचफुला, इंदोरा, मे. आधीची डावी सैल होती, चूक वाजवणारीची.

निखिल फोनवर म्हणाला, "हे कोण वाचणार आहे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पल्लवीच बोलली. "जो हा पॅक उघडून दुरुस्त करायला बसेल, तो वाचेल. आणि ते राहणार आहे, निखिल."

तो म्हणाला, बघतो. तिने तोपर्यंत ते पॅकमध्ये टाकलंही होतं.

ढोलक दुसऱ्याच्या घरी ठेवू नये. ठेवायची वेळ आलीच, तर कूलर कोणत्या खोलीत आहे ते आधी विचारावं.