पाशामियाँचा एकच खाजगी कागद

तेरच्या पाशामियाँनी जन्मभरात हजारो कागद लिहिले, पण स्वतःचा म्हणावा असा एकच. तो माझ्या हातून वाया गेला. मी शांतलिंग, तालुक्याच्या एका कचेरीत आवक-जावक कारकून होतो. कचेरी कुठली ते सांगत नाही. दोष तिचा नाही, माझा आहे.

निजामाच्या राज्यात पाशामियाँ तहसिलीत मुन्शी होते. राज्य गेलं, कारभार मराठीत आला आणि मुन्शी घरी बसले. पण जमिनींची जुनी दफ्तरं सगळी उर्दूत. ती वाचणारं दुसरं माणूस जवळपास उरलं नव्हतं, म्हणून सरकारला पुन्हा त्यांची आठवण झाली. भाषांतराचे कागद मी त्यांच्याकडे टपालानं धाडायचो आणि आठ-पंधरा दिवसांनी ते तेरच्या बसनं येऊन आणून द्यायचे. शेरवानी विरलेली, पण गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

बासष्टच्या हिवाळ्यात त्यांना वाचनालयात एक उर्दू पुस्तक सापडलं. अमेरिकेचं राज्य ज्यांनी उभं केलं त्या पुढाऱ्यांची पत्रं. मग काय, काम ठेवलं बाजूला आणि माझ्या टेबलापाशी बसून तेच सुरू.

"शांतलिंग, ॲडम्स आन् जेफरसन. जिगरी दोस्त. दोघांनी मिळून मुलूख आझाद केला, आन् मंग राजकारणात असं फाटलं की अकरा साल एकमेकाला कागद न्हाय."

"मग?"

"मंग एका नव्या सालाला बुढ्या ॲडम्सनं चार ओळी धाडल्या. काय लिवलं? घरच्या विणीच्या कापडाचे दोन नग धाडतोय. त्या दुसऱ्याला धीर कुठला! पार्सल यायच्या आदीच जवाब लिवला, सूत आन् माग ह्याच्यावर, हातभर लांब. पार्सलात निघालं काय, तर ॲडम्सच्या लेकानं लिवलेलं दोन भागांचं पुस्तक! तेच घरचं कापड!" ते डोळे पुसेपर्यंत हसले. "माफी कुणीच मागितली न्हाय बघ. कापडावर बोलले. पुढं मरेस्तोवर लिवत राहिले, आन् मेले बी एकाच दिवशी."

मी जांभई दिली.

"हे लोक सरकारी कागद बी लिवायचे आन् घरचा बी," ते म्हणाले. "मला घरचा कागद कधी जमलाच न्हाय."

मला वाटलं, म्हाताऱ्याला रिकामपण आहे. हा माणूस स्वतःला तयार करतोय, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आमच्या कचेरीचे अध्यक्ष बब्रुवानराव. खादी, करारी चेहरा, रझाकारांच्या काळात भूमिगत राहिलेले. त्यांची आणि पाशामियाँची एकमेकांशी काही ओळख असेल असं मला कधी दिसलं नाही. पाशामियाँ आले की माझ्या टेबलापर्यंतच यायचे. आतल्या दाराकडे बघायचेसुद्धा नाहीत.

त्रेसष्टच्या जानेवारीत टपालात एक उर्दू कागद आला. पाकिटावर अध्यक्षांचं नाव, हुद्दा, कचेरीचा पत्ता. मला उर्दूतला अलिफही येत नव्हता, पण कागद पाहताच मी ओळखलं: अर्ज. निजामाच्या कचेऱ्यांत अर्जाचा कागद उभा दुमडायचे, एका अर्ध्यावर मजकूर लिहायचे आणि दुसरं अर्धं साहेबाच्या हुकमासाठी कोरं सोडायचे. हा कागद तसाच होता. मी शिक्का मारला, नंबर टाकला आणि भाषांतराला लावला. सोबत नेहमीची छापील चिठ्ठी: 'मा. अध्यक्षांच्या हुकमावरून. सदर अर्जाचे मराठी भाषांतर सादर करावे.' अध्यक्षांनी तो कागद पाहिलाही नव्हता. पण सगळ्याच चिठ्ठ्यांवर तसं छापलेलं असे. आमच्या कचेरीत पानही हलायचं ते हुकमावरूनच.

चौथ्या दिवशी पाशामियाँ आले. बसले नाहीत.

"ह्यो कागद सायबानं बघितला?"

"चाचा, चिठ्ठीवर काय लिहिलंय? हुकमावरूनच पाठवलाय."

"भाषांतर कर म्हणले?"

"व्हय."

त्यांनी खिशातून भाषांतर काढून ठेवलं आणि गेले. मी वाचलं. 'अर्जदाराचे नाव वाचता येत नाही. अर्जदाराचे काहीही मागणे नाही.' भला मोठा मजकूर आणि भाषांतर दोन ओळींचं! म्हातारा कामचुकार झाला, असं मी शेजारच्या कारकुनाला म्हणालोसुद्धा. भाषांतर वर टाचलं, मूळ कागद खाली. अध्यक्षांनी सह्यांच्या ढिगात त्यावरही सही केली: दफ्तरी दाखल.

पाशामियाँ पुन्हा कधी आले नाहीत. मी धाडलेले कागद न फोडता परत येऊ लागले. श्रावणात ते वारल्याचं कळलं, म्हणून तेरला भेटायला गेलो. त्यांच्या बीबी, बेगमबी, दाराआडून बोलल्या.

"तुमच्या सायबाला कागद लिवला व्हता त्यांनी. दोघं निजामाच्या एकाच मदरशात, उर्दू शाळंत, शिकले, एका ताटात जेवले. बब्रुवानभाऊ भूमिगत झाले तवा त्यांचं घर जप्त करायचा हुकूम ह्यांच्या हातानं लिवला गेला. म्हातारी आई उघड्यावर आली त्यांची. मंग राज्य फिरलं, ह्यांना चार महिने कोंडलं, तवा भाऊनं एक शब्द टाकला न्हाय. तवापासनं दोघं बी मुके."

"कागदात काय होतं?"

"लई लिवलं व्हतं, पर सार एकच: 'हुकूम सरकारचा व्हता, पर अक्षर माझं व्हतं.' निम्मा कागद कोरा ठेवला. म्या म्हणलं, ह्यो काय अर्ज हाय का? तर म्हणले, बब्रू तिथंच जवाब लिवंल, मला दुसरी रीत येत न्हाय. आन् भाऊनं काय केलं? ह्याचं मराठी करून दे म्हणून परत धाडला. उर्दू ह्यांच्याहून चांगली येती त्यांना! कागद हातात घेऊन दिवसभर बसले हे. जेवले न्हाईत. तेच्या मागनं मग जेवणच तुटलं."

मला तिथंच बोलायला हवं होतं. मी उठलो आणि मिळेल ती बस धरली.

दुसऱ्या दिवशी बब्रुवानरावांनी मला आत बोलावलं. दार लावायला सांगितलं.

"तेरला गेला व्हतास म्हणं. पाशा गेला?"

"व्हय साहेब."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मान खाली घातली.

"मलाच जायला पायजे व्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ, पाय उचलला न्हाय. वाटायचं, तो आदी चार ओळी लिवंल." मग त्यांनी मान वर केली. "टपाल सगळं तुझ्याच हातात असतं. त्याचा कधी काही कागद आला व्हता का रे?"

नोकरीची भीती होती, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. भीती कसली? लाज होती.

"न्हाय साहेब," मी म्हणालो.